मागचा पाटा तुटला, आता गाडी चालवायची का?

ऑफ-रोडिंगच्या प्रत्येक ग्रुपमध्ये पावसाळ्यात कोणीतरी हा प्रश्न विचारतोच: मागचा पाटा तुटलाय, घाट उतरून गाडी घरी नेता येईल का? उत्तरं दोन टोकांची येतात. एक म्हणतो, "काही होत नाही, ट्रकवाले महिना महिना तसेच फिरतात." दुसरा म्हणतो, "जागची हलवू नका, टो बोलवा." दोघंही बरोबर असू शकतात. कारण "पाटा तुटला" या दोन शब्दांत चार-पाच वेगवेगळे बिघाड येतात. काही नुसते खडखडाटाचे असतात, आणि काही असे की पुढच्या वळणावर ब्रेक दाबल्यावर मागचा अ‍ॅक्सल जागा सोडतो.

मी इथे मुख्यतः पाट्यांच्या गाड्यांबद्दल बोलतोय. म्हणजे १९८५ साली आलेली जिप्सी (हिला पुढेही पाटेच), २०१० ची पहिली थार, बोलेरो आणि जुन्या जीप. २०२० नंतरची थार आणि जिम्नी यांना मागे कॉइल स्प्रिंग आहे, त्यांचं शेवटी बघू.

पाटा नुसता धक्के खात नाही

बहुतेकांच्या डोक्यात सस्पेन्शन म्हणजे आराम. पाट्याच्या गाडीत हे अर्धंच खरं आहे. मागचा अ‍ॅक्सल चासीला दुसऱ्या कुठल्याही दांड्याने जोडलेला नसतो. त्याला पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे जागेवर धरून ठेवायचं काम पाटेच करतात. सगळ्यात वरचा, म्हणजे मेन पाटा, दोन्ही टोकांना गोल वळवलेला असतो. पुढचं टोक बुश घालून चासीला पक्कं बसवतात. मागचं टोक शॅकलवर लटकतं, कारण वजन पडलं की पाटा सपाट होऊन लांब होतो आणि त्या लांबीला जागा हवी असते. चाकाचा जोर चासीपर्यंत पोचतो आणि ब्रेकचा दाबही पेलला जातो, तो प्रामुख्याने त्या पुढच्या टोकातून.

आता मधला भाग. सगळे पाटे एका सेंटर बोल्टने एकत्र धरलेले असतात. त्या बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलवरच्या बैठकीच्या भोकात बसतं आणि अ‍ॅक्सलची जागा ठरवतं. पण भार पेलायचा तो बोल्टने नव्हे, दोन यू बोल्टनी. यू बोल्ट पाटे आणि अ‍ॅक्सल इतके घट्ट आवळून धरतात की त्यांच्यातल्या घर्षणामुळे काही सरकतच नाही. यू बोल्ट सैल झाले की दोन गोष्टी होतात. बोटाएवढ्या सेंटर बोल्टवर सगळा आडवा जोर येतो आणि तो कापला जातो. शिवाय पाटा आता मधोमधही वाकायला लागतो, नेमका जिथे बोल्टसाठी भोक पाडलंय तिथे. बरेचसे पाटे त्या भोकातूनच तुटतात ते यामुळे. लोक खड्ड्याला शिव्या देतात, पण माझ्या मते पहिला संशय यू बोल्टवरच घ्यावा.

दुसरा दुर्लक्षित भाग म्हणजे पाट्यांना बाजूने धरणाऱ्या क्लिपा. खडकाळ वाटेवर एक चाक खड्ड्यात लटकतं तेव्हा अ‍ॅक्सल मेन पाट्याला खाली ओढतो. क्लिप असेल तर खालचे पाटेही त्याच्यासोबत वाकतात आणि भार वाटला जातो. क्लिप पडून गेली असेल तर मेन पाटा एकटा वाकतो. डांबरी रस्त्यावर हे फारसं जाणवणार नाही, ऑफ-रोडला मात्र प्रत्येक नाल्यात तेच होत राहतं.

तुटलेला तुकडा फेकू नका

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना क्रॅश झाला की आधी लॉग बघायची सवय असते. इथे लॉग म्हणजे तुटलेली कड. पूर्ण कड चकचकीत, दाणेदार असेल तर पाटा एका फटक्यात गेला. पण बहुतेक वेळा कडेचा एक भाग काळपट किंवा गंजलेला दिसतो आणि बाकीचा ताजा. गंजलेला भाग म्हणजे जुनी चीर. ती कित्येक दिवस हळूहळू वाढत होती आणि आजच्या धक्क्याने फक्त शेवट केला. चीर बहुधा पाट्याच्या वरच्या बाजूने सुरू होते, कारण वजन पडून पाटा सपाट होताना वरचा पृष्ठभाग ताणला जातो. तिथे गंजाचा एक खड्डा पुरतो. कोकणात फिरणाऱ्या आणि समुद्राच्या वाळूत जाणाऱ्या गाड्यांनी म्हणूनच खालून गोड्या पाण्याने धुणं मनावर घ्यावं.

जुनी चीर निघाली तर दुसऱ्या बाजूचे पाटेही तितकेच थकलेले असणार, हे गृहीत धरा.

घाटात उभं राहून तपासणी

वेल्ह्याजवळ एका ट्रेलवर आमच्यातल्या एकाच्या जुन्या जीपचा मागून टण्ण असा आवाज आला आणि डावी बाजू थोडी बसली. खाली वाकून पाहिलं तर खालून दुसरा पाटा तुटलेला. सगळे खूश, कारण मेन पाटा शाबूत होता. हळूहळू पाबे घाटातून पुण्याला पोचू, असं ठरतही होतं. गाडीत त्याची बायको आणि लहान मुलगी होती, म्हणून म्हटलं आधी एक माप घेऊ. दोरी काढली आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी अंतर मोजलं. डावीकडचं दोन बोटं जास्त! म्हणजे सेंटर बोल्ट कापला गेला होता आणि दगडाच्या धक्क्याने अ‍ॅक्सल डावीकडून मागे सरकला होता. वरून काहीही दिसत नव्हतं.

हे दोरीचं माप मी सगळ्यात वर ठेवतो. पुढची चाकं सरळ ठेवा, जागा शक्य तितकी सपाट निवडा, टायरची हवा दोन्हीकडे सारखी हवी. फरक बोटभर निघाला तरी ती गाडी घाटात नेऊ नका. मागची चाकं तिरकी चालतात, आणि पुढे ब्रेक दाबल्यावर अ‍ॅक्सल अजून किती सरकेल याचा भरवसा नसतो.

दोरी नसेल तरी डोळ्यांना बरंच कळतं. यू बोल्टच्या पट्टीशेजारी धुळीत ताजी चकचकीत रेघ दिसली तर तिथे काहीतरी सरकलंय. पाट्यांच्या मधून लालसर भुकटी येत असेल तर ते एकमेकांवर घासतायत. ब्रेकचा रबरी पाइप ताणलेला नाही ना, तेही बघा.

मग ठरवायचं. मेन पाट्याखालचा एखादा पाटा तुटला, माप बरोबर आहे, यू बोल्ट घट्ट आहेत: लोंबणारा तुकडा तारेने बांधा किंवा काढा, सामान उतरवा, हळू चालवा. शॅकल तुटला: पाट्याचं मागचं टोक वर चासीला टेकतं आणि गाडी बसते, पण पुढचं टोक अ‍ॅक्सलला धरून असतं. लाकडाचा ठोकळा अडकवून चालण्याच्या वेगाने डांबरी रस्ता गाठता येतो. शॉकअप तुटला तर खालून सोडवून बाजूला बांधा. पाट्यांचं आपसातलं घर्षण थोडे हेलकावे मारतं, त्यामुळे हळू जाता येतं.

मेन पाटा पुढच्या टोकाशी तुटला तर वेगळी गोष्ट. काही गाड्यांत दुसरा पाटाही मेन पाट्याच्या गोल टोकाभोवती वळवलेला असतो, तो अशा वेळी अ‍ॅक्सल धरून ठेवतो. तुमच्या गाडीत तसा आहे का, हे आजच खाली वाकून बघा. नसेल तर अ‍ॅक्सलपासून पुढच्या हँगरपर्यंत साखळी किंवा रॅचेट पट्टा घट्ट बांधतात. पण हा पट्टा अ‍ॅक्सलला फक्त मागे जाऊ देत नाही, म्हणजे ब्रेकच्या वेळी उपयोगी पडतो. अ‍ॅक्सिलरेटर दिला की अ‍ॅक्सल पुढे ढकलला जातो, तिथे पट्टा काहीच करत नाही. तेवढ्याने गाडी वाटेतून बाजूला घ्यावी, घाट चढू-उतरू नये. पट्टा ब्रेकच्या पाइपवरून जाणार नाही, हेही पाहा.

आमच्या त्या जीपला तीन तास लागले. चासी दगडांवर टेकवून वजन काढलं, यू बोल्ट सैल केले, पट्ट्याने अ‍ॅक्सल जागेवर ओढला, सी क्लॅम्पने पाटे दाबून नवा सेंटर बोल्ट घातला. बोल्ट आणि दोन क्लॅम्प एकाच्या पेटीत होते म्हणून जमलं. तरी घरच्यांना दुसऱ्या गाडीत बसवलं आणि जीप वेल्ह्यापर्यंतच चालवली, तिथून ती टेम्पोवर चढवून नेली. अशा कामात नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरायचं नाही, घाई कितीही असो.

गॅरेजमध्ये काय सांगायचं

एका गॅरेजमध्ये तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग मारून देतो, असं सांगितलं गेलं. नको म्हणा. पाट्याचं स्टील ठरावीक तापमानाला तापवून, थंड करून चिवट केलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने ती सगळी प्रक्रिया त्या जागी वाया जाते आणि सांध्याशेजारी स्टील ठिसूळ होतं. पुढचा तडा तिथेच.

यू बोल्ट नवे घ्या. एकदा पूर्ण आवळलेला यू बोल्ट ताणला गेलेला असतो, आट्याही थकलेल्या असतात, पुन्हा तेवढी पकड मिळेल याची खात्री नाही. आवळायचे टॉर्क पान्याने, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याला, चारही नट आलटून-पालटून. साधारण ५०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे, कारण नवे पाटे बसताना पकड कमी होते. हे शेवटचं काम गॅरेजवाला तुम्हाला फोन करून सांगणार नाही.

रबरी बुश असतील तर टोकांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. गाडी वर उचललेली असताना आवळले तर खाली ठेवताच रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आणि एकाच बाजूचा संच बदलला तर गाडी तिरकी उभी राहते, म्हणून संच जोडीनेच.

याच वेळी "जरा उंच करून देऊ का" असंही विचारलं जातं. बऱ्याच गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलला एक दांडी जोडलेली असते. मागे वजन किती आहे हे ती उंचीवरून ओळखते आणि मागच्या ब्रेकचा दाब ठरवते. तुम्ही मागून गाडी उचलली की तिला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि मागचे ब्रेक कमी लागतात. उंची बदलायचीच असेल तर त्या दांडीची जुळणी बदलणं त्याच कामात धरा.

कॉइलच्या गाड्या

इथे कामं वाटलेली आहेत. कॉइल फक्त वजन पेलते, अ‍ॅक्सलला धरायचं काम दांड्यांचं. जिम्नीत मागे दोन लांब आर्म आणि एक आडवा रॉड आहे. त्यामुळे कॉइल तुटली तर गाडी बसते, पण अ‍ॅक्सल जागेवर असतो. उलट आडव्या रॉडचा बुश किंवा ब्रॅकेट गेला तर गाडी छान उंच उभी दिसते आणि मागचा भाग वळणावर बाजूला सरकतो. अशा गाडीत चाकं आळीपाळीने खड्ड्यात घाला आणि त्या रॉडच्या टोकांकडे बघत राहा. अजून एक फरक: कॉइलच्या बऱ्याच गाड्यांत चाक किती खाली लटकू शकतं हे शॉकअपच ठरवतो. तो काढून ऑफ-रोड चालवलं तर चाक लटकल्यावर कॉइल बैठकीतून निसटू शकते. पाट्याच्या जीपमध्ये चालणारा शॉकअप बांधून ठेवायचा जुगाड इथे फक्त सपाट रस्त्यापुरता.