टेबलावरचा नवा कंपाउंडर

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून आमचा दवाखाना चार पावलांवर आहे. वडिलांच्या काळी त्याच्या दाराशी कंपाउंडर बसत. आम्ही मुले त्यांना दादा म्हणत असू. मिक्श्चरची बाटली भरली की ते कागदाची लांब पट्टी दुमडत, कात्रीने तिच्या कडेला सारख्या अंतरावर खाचा पाडीत आणि ती बाटलीवर डकवीत. अक्षरओळख नसलेल्या रुग्णालाही सकाळी एक खूण, रात्री एक खूण, एवढे त्यावरून उमगे. आज ज्या विद्येला ‘युजर एक्सपीरियन्स डिझाइन’ असे भारदस्त नाव आहे, तिचा पहिला धडा त्या पट्टीत होता, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळले. सांगितले माझ्या सुनेने. तिचा व्यवसायच तो.

वापरणाऱ्याच्या हातून चूक झाली तर दोष बहुधा वस्तूच्या रचनेचा असतो, हा विचार डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली पुस्तकरूपाने मांडला. आमच्या टेबलावर संगणक आला तो मात्र या विचाराला बाहेर उभा करूनच. साध्या तापाच्या नोंदीसाठी खिडकीमागून खिडकी उघडावी लागे. रुग्ण माझ्याशी बोलत असे आणि मी पडद्याकडे पाहत असे. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, रुग्णासमोरच्या प्रत्येक तासामागे डॉक्टरांचे जवळजवळ दोन तास संगणकीय नोंदींत व टेबलावरच्या कामात जातात, असे आढळले होते. ती वाचून मला नवल वाटले नाही, थोडा धीरच आला.

म्हणूनच कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक दवाखान्यात आला तेव्हा मी त्याचे मनापासून स्वागत केले. रुग्णाची परवानगी घ्यायची, फोन टेबलावर ठेवायचा आणि बोलायचे. टिपण तयार. बटणे गेली, चौकटी गेल्या. जेकब नील्सन या नामवंत अभ्यासकांनी २०२३ साली या बदलाला साठ वर्षांतील पहिला नवा प्रकार म्हटले. आजवर यंत्राला एकेक आज्ञा द्यावी लागे, आता काय हवे तेवढेच सांगायचे. कित्येक वर्षांनी मी रुग्णांच्या डोळ्यांकडे पाहून बोलू लागलो, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

एके दिवशी आमच्या जुन्या रुग्ण, मधुमेही आजी, आल्या. त्यांची मराठी अस्सल इंदुरी. वाक्य मराठीत सुरू होते आणि हिंदीत संपते. म्हणाल्या, “डॉक्टर, जीव कसा घाबरा-घाबरा होतो. रात्री नींदच येत नाही. जिना चढले की जास्तच.” मग बराच वेळ गप्प बसल्या. टिपण उमटले: ‘चिंताग्रस्तता, निद्रानाश.’ शब्द सुबक, मांडणी देखणी. जिन्याचा उल्लेख नव्हता. बाहेर गर्दी होती. मी पेन उचलले आणि झोपेची गोळी लिहिली.

आजी उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्याशी चौकट धरून थांबल्या. त्यांचे ते थांबणे मला खुपले. परत बोलावून ईसीजी काढला. एसटी रेषा खाली गेलेली. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफीत एका मोठ्या धमनीत अडथळा सापडला. मधुमेही वृद्ध स्त्रीला छातीत दुखेलच असे नाही, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना अनेकदा सांगितले आहे. यंत्रावर बोट दाखवून मला सुटता येत नव्हते, कारण जिन्याचे वाक्य माझ्याही कानांवर पडले होते. (डॉक्टर सरासरी अठराव्या सेकंदाला रुग्णाचे बोलणे तोडतात, असे बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ सालीच दाखवले होते. आपली परंपरा जुनी आहे.)

रात्री सुनेला फोन केला. ती म्हणाली, “बाबा, पूर्वी आमच्या ऑफिसात बटण कुठे ठेवायचं यावर भांडणं व्हायची. आता सहायकानं आपली शंका कशी दाखवायची, यावर होतात.”

मला हेच हवे होते. हाताने लिहिलेल्या कागदावर शंका आपोआप दिसते: खोडलेला शब्द, समासातले प्रश्नचिन्ह. छापील टिपणात ऐकलेले, अंदाजाने भरलेले आणि गाळलेले सारे एकाच ठशात येते. दादांना रुग्णाचे बोलणे कळले नाही की ते आत येऊन हळूच सांगत, “मला नीट उमजलं नाही, तुम्हीच विचारा.” एवढे एक वाक्य नव्या कंपाउंडरला शिकवणे हे आजच्या रचनाकारांचे सर्वांत अवघड काम आहे, असे मला वाटते.

अवघड अशासाठी की माणसाचा विश्वास फार लवकर बसतो. १९६६ साली एमआयटीतील जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा आज्ञावलीसंच प्रसिद्ध केला. तो मानसोपचारतज्ज्ञाप्रमाणे रुग्णाचेच शब्द फिरवून प्रश्न विचारी. त्यात समज काडीची नव्हती. तरी त्यांच्याच सेक्रेटरीने थोडा वेळ त्याच्याशी ‘बोलल्यावर’ त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. आजचे सहायक तर कितीतरी गोड बोलतात. ओपनएआयच्या ‘व्हिस्पर’ या श्रुतलेखन प्रणालीचा कॉर्नेल विद्यापीठातील संशोधक व त्यांचे सहकारी यांनी अभ्यास केला आणि २०२४ साली तो मांडला. सुमारे एक टक्का लेखांत मुळात न बोललेली वाक्ये आढळली, आणि बोलण्यात दीर्घ विराम असले की हा धोका वाढत होता. आपल्या व्यवसायात तर विरामांतच निदान दडलेले असते. त्यात आमची मराठी, माळव्याचे पाणी प्यायलेली! तिच्यासाठी भाषांचे नमुने कोणी गोळा केले असतील तर आनंदच आहे.

सुनेच्या सल्ल्याने मी दोन गोष्टी बदलून घेतल्या. रुग्णाचे मूळ शब्द आता टिपणाच्या डोक्यावर जसेच्या तसे राहतात, निष्कर्ष त्यांच्याखाली. आणि ते टिपण मी रुग्णाला मोठ्याने वाचून दाखवतो, मगच सही करतो. दर रुग्णामागे दीड-दोन मिनिटे जातात. बाहेर बसलेल्यांची कुरकुर होते.

स्टेंट बसवल्यानंतर आजी परवा तपासणीला आल्या. बोलणे झाले, टिपण उमटले, मी वाचू लागलो. त्या मान हलवीत ऐकत होत्या. तिसऱ्या ओळीला त्यांनी फोनकडे बोट दाखवले आणि म्हणाल्या, “याला सांगा, हातात नाही, खांद्यात म्हणाले होते मी.”