छपाईयंत्राला चालण्याहून थांबणे महाग

गणेशोत्सव वा निवडणुका जवळ आल्या, की शहरातील फ्लेक्स छापणाऱ्या दुकानांतील यंत्रे रात्रंदिवस धडधडू लागतात. नेमक्या याच वेळी फलकावर पांढऱ्या रेघा उमटू लागल्या, तर दुकानदाराचे धाबे दणाणते. छपाईयंत्राचे ‘हेड’ हा त्याचा सर्वांत महागडा व नाजूक भाग. ते निकामी झाले, तर हंगामाची कमाई त्यातच जाण्याची भीती असते. मात्र यातील बरेचसे बिघाड यंत्र चालल्यामुळे नव्हे, तर ते तसेच उभे राहिल्यामुळे होतात.

याचे कारण शाईत आहे. सॉल्व्हेंट शाईतील द्रावक प्लास्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवतो आणि उडून जातो. रंग मात्र तेथे घट्ट बसतो. म्हणूनच फलक ऊन-पावसात टिकतो. पण शाईचा हाच गुण हेडच्या मुळावर येतो. हेडमधील छिद्रे, म्हणजे नोझल, केसाहूनही बारीक असतात. विजेच्या स्पंदाने आकार बदलणारे सूक्ष्म घटक त्यांतून शाईचे थेंब फेकतात. छिद्राच्या तोंडाशी शाई वाळली, की थेंब अडलाच.

हे टाळण्यासाठी काम नसताना हेड एका रबरी कॅपवर विसावते. कॅपच्या कडेला वाळलेली शाई साचली, तर फट राहते, हवा शिरते आणि पंपाला शाई ओढता येत नाही. त्यामुळे कॅपची कड व वायपर रोज संध्याकाळी योग्य द्रवाने पुसणे, ही देखभालीची पहिली पायरी होय. काही यंत्रे बंद असतानाही ठरावीक वेळाने आपोआप सफाई करतात. त्यांचा मुख्य वीजपुरवठा रात्री तोडू नये. यंत्र अनेक दिवस बंद राहणार असेल, तर उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे हेडमध्ये सफाईचा द्रव भरून ठेवावा.

दोष कसा ओळखावा?

रोज सकाळी नोझल-चाचणी छापावी. रेघ दर वेळी त्याच जागी तुटत असेल, तर छिद्र तुंबले असण्याची शक्यता अधिक. तुटण्याची जागा बदलत असेल वा रंग छापता छापता फिका पडत असेल, तर शाईच्या मार्गातील फिल्टर, डॅम्पर व नळ्या तपासाव्यात. अशा वेळी पुन्हा पुन्हा सफाई केल्याने शाई वाया जाते, दोष तसाच राहतो. चाचणी निर्दोष असूनही छपाईत आडव्या रेघा दिसत असतील, तर फ्लेक्स पुढे सरकण्याचे प्रमाण चुकलेले असते. अक्षरांच्या कडा दुहेरी दिसल्यास हेडची उंची व दोन्ही दिशांच्या छपाईचा मेळ पाहावा. चित्र अचानक सरकल्यास एन्कोडर पट्टीवर धूळ वा शाई असू शकते. ती पट्टी तीव्र द्रावकाने कधीही पुसू नये. तिच्यावरील सूक्ष्म खुणाच पुसल्या जातात. स्वस्त मिळते म्हणून निराळ्या कंपनीची शाई जुन्या शाईत मिसळणेही धोक्याचे. दोन्हींचा मेळ बसला नाही, तर नळ्यांत गुठळ्या होतात.

यंत्राइतकीच काळजी ते चालवणाऱ्याचीही घ्यायला हवी. अनेक सॉल्व्हेंट शायांत सायक्लोहेक्झॅनोन असते. त्याची वाफ डोळे व घसा जाळते, शिवाय ती ज्वालाग्राही आणि हवेहून जड असते. म्हणून हवा बाहेर फेकणारा पंखा केवळ छताजवळ लावून भागत नाही. जमिनीलगतची हवाही खेचली गेली पाहिजे. खोलीत धूम्रपान नको आणि टाकाऊ शाई गटारात ओतणेही नको.

दिवसाकाठी या कामांना फार वेळ लागत नाही. ऐन हंगामात ओस पडलेल्या यंत्राशेजारी तंत्रज्ञाची वाट पाहत बसण्यापेक्षा तेवढा वेळ काढणे केव्हाही शहाणपणाचे.