हेड बसवण्याआधी

विहिरीवरचे डिझेल इंजिन नीट चालते तोवर त्याच्याकडे कोणी पाहत नाही. हेडचे पॅकिंग जळाले, की मग धावपळ. ऑइल दुधाळ होते, पाण्यात बुडबुडे येतात, इंजिन ताकद धरीत नाही. इकडे कांद्याची पाण्याची पाळी आलेली असते. घाईघाईने हेड उतरवतात, नवे पॅकिंग घालतात, नट आवळतात. आठ दिवसांत पॅकिंग पुन्हा जाते. आपण म्हणतो, "पॅकिंगच खराब निघालं." पुष्कळदा दोष पॅकिंगचा नसतो. ते ज्या जागेवर बसते, ती जागा साफ नसते.

पिस्टन ज्यात वरखाली होतो तो ब्लॉक. त्याच्यावर झाकणासारखे बसते ते हेड. दोहोंच्या मध्ये पॅकिंग. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन आतली हवा दाबून सुमारे सोळाव्या-सतराव्या हिश्श्यात आणतो. ती हवा इतकी तापते, की तेलाचा फवारा आपोआप पेट घेतो. एवढा दाब पॅकिंगने कोंडून धरायचा! ब्लॉकच्या तोंडावर जुन्या पॅकिंगची बारीक खपली राहिली, तरी तिच्या शेजारी फट राहते. त्या फटीतून जाळ निघतो.

म्हणून तोंड साफ करायचे. पण साफ करतानाही घात होतो बरं का. एकदा आम्हीच केला. जाड पॉलिश पेपर घेऊन ब्लॉकचे तोंड चांदीसारखे चकचकीत केले. सिलिंडर झाकायचा मात्र राहून गेला. पेपराची रेती आत पडली. ती लोखंड खाते. दोन महिन्यांत इंजिन ऑइल पिऊ लागले, निळा धूर सोडू लागले. नवा पिस्टन, नवा लायनर घालावा लागला. पॅकिंगच्या कितीतरी पट खर्च झाला.

पुढे मिस्त्रीने आम्हांला रीत दाखवली. आधी सिलिंडरमध्ये स्वच्छ फडके कोंबावे. पाण्याच्या व तेलाच्या भोकांत चिंध्या घालाव्यात. किती घातल्या ते मोजून ठेवावे. मग तोंडाला रॉकेल लावावे. त्या वेळी जवळपास विडी नको. जुन्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ छातीला फार वाईट. म्हणून कोरडे खरवडू नये, फुंकर मारू नये. पितळी किंवा लाकडी पट्टी आडवी धरून दमाने खरवडावे. पटाशीचे टोक लावू नये. ओरखडा पडला तर पाण्याला तीच वाट होते. बिडाचा ब्लॉक थोडे तरी सोसतो, अ‍ॅल्युमिनियमचे हेड मुळीच सोसत नाही.

काही इंजिनांत हेड बोल्टांनी आवळतात. त्या बोल्टांची भोके लोक विसरतात. भोकाच्या तळाशी पाणी किंवा तेल साचलेले असते. वरून बोल्ट आवळला, की त्याला जायला जागा नसते, आणि बीड तडकते. काडीला चिंधी गुंडाळून प्रत्येक भोक कोरडे करावे.

मग तोंड सपाट आहे का ते पाहावे. सरळ पोलादी पट्टी त्यावर कडेने उभी ठेवावी. लांबीत, रुंदीत आणि तिरपी. पट्टीमागे दिवा धरावा. उजेड दिसला तर तिथे खोलगटपणा आहे. किती फट चालते ते इंजिनाच्या पुस्तकात छापलेले असते. बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून कमीच. ते पुस्तक घरात कुठे तरी खोचलेले असेल. आता तुम्हांला वाचता येते, ते काढा! फट जास्त असेल तर ब्लॉक वर्कशॉपात नेऊन तोंड मारून आणावे. घरी कानस चालवू नये.

शेवटी स्वच्छ, कोरड्या फडक्याने पुसावे. बोट फिरवले तर तेल लागता कामा नये. सिलिंडरमधले फडके कडा गोळा करून अलगद उचलावे, म्हणजे वरची घाण आत सांडत नाही. चिंध्या पुन्हा मोजाव्यात. जितक्या घातल्या तितक्या बाहेर आल्या, तरच नवे पॅकिंग हातात घ्यावे.