ऊसतोडणीच्या कंत्राटाचा हिशेब संगणकावर

कराड, वाळवा, पलूस या भागांत ज्यांच्या दारात ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या आहेत, त्यांपैकी पुष्कळांचा साखर कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार असतो. आपण त्याला धंदा म्हणत नाही. 'गाडी कारखान्याला लावलीय' एवढेच म्हणतो. पण रेठरे बुद्रुकच्या किंवा साखराळ्याच्या कारखान्याला गाडी लावणारा शेतकरी हा खरा पाहता ठेकेदारच. पावसाळ्याच्या सुमारास मुकादमाला लाखांनी उचल द्यायची, दिवाळीच्या आगेमागे टोळी आणायची आणि हंगाम संपेपर्यंत ती उचल कामातून फेडून घ्यायची. टोळी आलीच नाही, तर ट्रॅक्टरचा हप्ता घरच्या उसाच्या बिलातून जातो.

एवढा मोठा व्यवहार बहुतेक घरांत एका डायरीत आणि खिशातल्या वजनपावत्यांत असतो. म्हणूनच संगणकावरच्या हिशेबाची ओळख करून घेणे बरे. आपल्याकडे जास्त ऐकू येणारे नाव टॅलीचे. 1986 साली बंगळुरूत श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे चिरंजीव भारत गोयंका यांनी त्याची सुरुवात केली. भारत गोयंकांना 2020 साली पद्मश्री मिळाली. नाव कोणतेही असो, आत आहे ती आपली जुनी रोजकीर्द आणि खतावणीच. तुम्ही कीर्द लिहायची, खतावणी तो आपोआप मांडतो.

आता मुख्य गोष्ट. उचल हा खर्च नव्हे. ती मुकादमाकडून आपले येणे आहे, म्हणून ती त्याच्या नावे टाकायची. डायरीत ती डिझेलाच्या खाली खर्च म्हणून लिहिली जाते आणि मग फेब्रुवारीत नेमके किती फिटले हे कोणालाच सांगता येत नाही. मुकादमाचे एक खाते उघडा, आणि त्याच्याखाली प्रत्येक कोयत्याचे निराळे. समजा 10 कोयते आहेत आणि दर कोयत्याला 60 हजार दिले, तर 6 लाख बाहेर गेले. दोन जोडपी मधेच गेली आणि प्रत्येकी 35 हजार फिटायचे राहिले, तर 70 हजारांचे येणे कोणाकडचे, हे एका कागदावर निघते. पुढे तक्रार करायची वेळ आली, तर करारपत्र आणि बँकेतून पैसे दिल्याचा पुरावा यांच्या जोडीला हा उतारा कामी येतो. म्हणून उचल रोखीने न देता खात्यावरच द्यावी.

हा उतारा कोयत्यालाही दाखवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. बीडकडून किंवा आपल्याच जतच्या बाजूने आलेले जोडपे पहाटेपासून फडात राबते, आणि किती टन तोडले नि किती फिटले हे त्याला मुकादमाच्या तोंडून कळते. दर पंधरवड्याला त्यांचा आकडा वाचून दाखवला, तर भांडणाचे निम्मे कारण जाते. टोळी टिकते तीही अशाच ठिकाणी.

कारखान्याचे पंधरवडा बिल आले की हातात पडलेली रक्कमच जमा लिहू नका. पूर्ण बिल जमा करा आणि कपाती वेगवेगळ्या लिहा: डिझेल, अनामत, आयकर. कापलेली अनामत हे कारखान्याकडे आपले येणे राहते. कर कापला असेल, तर विवरणपत्र भरताना तो हिशेबात धरता येतो आणि जादा असल्यास परत मिळतो. पण त्यासाठी तो कापला गेल्याचे ध्यानात हवे.

एक अडचण सांगून ठेवतो. सरकारी वर्ष 31 मार्चला संपते, आपला हंगामही तेव्हाच उरकत असतो. शेवटचे बिल एप्रिलात हाती आले, तरी काम मार्चचे असेल तर ते मार्चमध्येच येणे म्हणून लिहायचे. याबाबत कर सल्लागाराला एकदा विचारून घ्या.

लिहायचे कोणी? वाणिज्य शाखेला जाणारी मुलगी किंवा सून घरात असेल, तर तिच्याकडे द्या. रात्री अर्धा तास पुरतो. पावत्या मात्र ड्रायव्हरने रोजच्या रोज घरी आणून द्यायला हव्यात, आठवड्याने चुरगळलेल्या नव्हेत. आठवड्यातून एकदा सगळ्या हिशेबाची नक्कल पेनड्राइव्हवर घ्यावी आणि ती संगणकाजवळ न ठेवता कपाटात, करारपत्राशेजारी ठेवावी.