पोस्टडॉकला दोन गाईड हवेत

"पीएचडी झाली ना गो तुझी? मग आता परत कसली शिष्यवृत्ती?" पनवेलजवळच्या नेऱ्यात आमच्या आळीतले काका भेटतील तिथे हाच प्रश्न टाकतात. प्रश्न रास्त आहे. पीएचडी संपल्यावर आणि कायमची नोकरी लागण्याआधी जी काही वर्षं जातात, त्यांना पोस्टडॉक म्हणतात. काम पूर्णवेळ, जबाबदारी पूर्ण, पण नेमणूक मुदतीची. घर चालतं ते फेलोशिपवर.

माझं काम कॅन्सर, प्रतिकारशक्ती आणि डेटा सायन्स यांच्या सांध्यावरचं. ते काकांना समजवायला मला गावाबाहेर जावं लागत नाही. नेऱ्यात कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे. कुष्ठरोगाचा जंतू तोच असतो. पण एकाच्या अंगावर दोन-चार बधिर चट्टे उठून रोग तिथेच अडतो, तर दुसऱ्याच्या सर्वांगावर पसरतो. बराचसा फरक शरीराच्या प्रतिकारात असतो. पहिल्याच्या टी पेशी जंतूला ओळखून त्याच्यावर तुटून पडतात, दुसऱ्याच्या गप्प बसतात. कॅन्सरमध्येही हेच दिसतं. निदान एकच, औषध एकच. एक बरा होतो आणि दुसऱ्याला काडीचा उपयोग होत नाही.

हे दोन रोग एका छताखाली आलेही होते. मुंबईत १९५२ साली सुरू झालेल्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात डॉ. वसंत रामजी खानोलकर, डॉ. कमल रणदिवे आणि सी. व्ही. बापट यांनी कुष्ठरुग्णांच्या शरीरातून एक जंतू वेगळा काढून प्रयोगशाळेत वाढवला. १९५८ साली तो शोधनिबंध छापून आला. पुढे त्या जंतूपासून कुष्ठरोगावरची लसही तयार झाली. त्या केंद्राचा वारसा आज आमच्याच पनवेल तालुक्यात, खारघरला आहे. टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक ते हेच.

याच ॲक्ट्रेकमध्ये जून २०२१ मध्ये भारतात प्रथमच एका रुग्णाला कार-टी पेशी दिल्या गेल्या. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून हे उपचार उभे केले. रुग्णाच्या रक्तातून टी पेशी काढायच्या, कॅन्सरच्या पेशीवरची सीडी-१९ नावाची खूण ओळखायला लावणारं जनुक त्यांच्यात घालायचं, त्या वाढवायच्या आणि त्याच रुग्णाला परत द्यायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये या 'नेक्सकार-१९'ला परवानगी मिळाली. २०२५ साली चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तपासता आलेल्या ५१ रुग्णांपैकी ३७ जणांनी उपचाराला दाद दिली. म्हणजे ७३ टक्के. रक्ताच्या हट्टी कॅन्सरमध्ये हा आकडा मोठा आहे. माझ्यासारखीचं काम मात्र उरलेल्या १४ जणांपाशी सुरू होतं. त्यांना का नाही लागू पडलं?

उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी दिसत नाही. रुग्णाच्या हजारो पेशी एकेक सुट्या करून प्रत्येकीत कोणतं जनुक किती चालू आहे हे यंत्र मोजतं. माझ्या पडद्यावर येतो तो तक्ता: उभ्या बाजूला वीस हजारांच्या आसपास जनुकं, आडव्या बाजूला पेशी आणि मध्ये बहुतेक ठिकाणी शून्य. आता खरी गोम इथे आहे. एखादं शून्य म्हणजे ते जनुक खरंच बंद आहे, की यंत्राच्या हातून निसटलं? नुसता प्रोग्रामर असेल तर गणित चोख करील, पण थकलेली टी पेशी आणि मेलेली टी पेशी यांत गल्लत करील. नुसता जीवशास्त्रज्ञ पेशी ओळखील, पण त्या तक्त्यापुढे हात टेकील.

दुसरं उदाहरण ॲक्ट्रेकमधलंच. गाठीतले जनुकीय बदल शोधताना माणसाला जन्मापासून मिळालेले बदल वजा करावे लागतात. नाहीतर रुग्णाचं जे मूळचंच आहे, त्यालाच आपण कॅन्सरची खूण समजून बसतो. त्यावर कॅन्सरची लस बेतली तर टी पेशी तिकडे ढुंकूनही पाहणार नाहीत. जगातल्या जनुकीय संग्रहांत भारतीय माणसं फार थोडी. म्हणून इथल्या संशोधकांनी ६२ भारतीय रुग्णांच्या निरोगी पेशी तपासून एक लाखाहून जास्त बदलांची यादी २०१६ साली सर्वांसाठी खुली केली. हे काम परदेशातून कुणी करून देणार नव्हतं.

अशी दोन्हीकडे पाय असलेली माणसं घडवायला वेळ लागतो आणि फेलोशिप तोच वेळ विकत घेते. न्यूयॉर्कमध्ये १९५३ साली स्थापन झालेली कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट इम्युनो-इन्फर्मॅटिक्ससाठी वेगळी पोस्टडॉक फेलोशिप देते. मुदत तीन वर्षांपर्यंत. तिथे एक मार्गदर्शक प्रतिकारशास्त्रातला आणि दुसरा संगणकीय विश्लेषणातला असावा, अशी अपेक्षा असते. मला पैशापेक्षा ही जोडी मोलाची वाटते.

आपल्याकडे सर्ब या केंद्र सरकारच्या विज्ञान-संशोधन मंडळाची राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिप होती. तो कारभार आता अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानकडे गेला आहे. सर्बच्या काळात महिना ५५,००० रुपये, वर घरभाडं, वर्षाला दोन लाखांचं संशोधन अनुदान आणि मुदत दोन वर्षं, असा हिशेब होता. प्रकल्पावरच्या रिसर्च असोसिएटला २०२३ च्या सुधारणेनंतर ५८,००० ते ६७,००० आणि घरभाडं मिळतं. आकडे अगदीच वाईट नाहीत. पण दोन वर्षांत पहिले सहा महिने नवा विषय शिकण्यात जातात आणि शेवटचे सहा पुढचे अर्ज भरण्यात. त्यातून पैसे वेळेवर येतीलच असं नाही. एका ठिकाणी माझा स्टायपेंड महिनोन्‌महिने अडकला होता. फोन केला की "फाईल वर गेली आहे" एवढंच ऐकायला मिळायचं. तेव्हा घरखर्च आईच्या पेन्शनवर चालला. जिच्या घरी पेन्शन नाही, तिने काय करायचं?

नवीन विद्या अशीच घरी आणली जाते, याला कमल रणदिवे यांच्याइतका चांगला दाखला नाही. पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या कमलताईंनी १९४९ साली पीएचडी केली आणि मग फेलोशिपवर बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं तंत्र तेव्हा आपल्याकडे नवं होतं. ते शिकून त्या परतल्या आणि मुंबईत देशातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. पेशी शरीराबाहेर वाढवता येणं हा आजच्या कार-टीचा पाया आहे.

आज तीच जागा डेटा सायन्सची आहे. इथल्या रुग्णांवरचे उपचार आता इथेच तयार होतात; त्या उपचारांचा डेटा वाचणारी माणसं आपण पुरेशी घडवत नाही. म्हणून मागणं साधं आहे: फेलोशिपला दोन गाईड, मुदत निदान तीन वर्षं आणि पैसे महिन्याच्या महिन्याला. खर्चाचा हिशेब काकांनाही पटला. महिना ५५,००० प्रमाणे एका पोस्टडॉकची दोन वर्षं, घरभाडं आणि संशोधन अनुदान सोडून, १३ लाख २० हजारांत होतात. तिसरं वर्ष धरलं तर १९ लाख ८० हजार. देशी कार-टी उपचार सुरू झाले तेव्हा एका रुग्णाचा खर्च ३० ते ४० लाखांच्या घरात सांगितला जात होता. ते कोणाला लागू पडणार नाहीत हे आधी कळलं, तर एका कुटुंबाची जमीन वाचते आणि त्या रुग्णाला वेळेत दुसरा उपचार मिळतो.