विद्युत् कुंपण

शेत वा कुरण यांभोवती ताणलेल्या तारांतून उच्च दाबाचे पण अत्यल्पकालीन विद्युत् स्पंद सोडून पाळीव जनावरांना आत राखण्याच्या अथवा वन्य प्राण्यांना बाहेर ठेवण्याच्या योजनेस विद्युत् कुंपण म्हणतात. दगडी गडगा किंवा काटेरी कुंपण प्राण्याला बळाने अडविते. विद्युत् कुंपणाची तार तशी कमकुवत असते. परंतु एकदोन वेळा धक्का बसल्यावर प्राणी ती टाळू लागतो. ही सवयच खरा अडसर होय.

रचना व कार्य : या कुंपणाचा मुख्य भाग म्हणजे स्पंदजनक. त्यास संचायक विद्युत् घटातून ऊर्जा मिळते व हा घट बहुधा सौर पट्टीवर भारित होतो. धारित्रात साठलेली ऊर्जा सु. सेकंदास एकदा रोहित्रामार्फत तारेत सोडली जाते. दाब सु. ५,००० ते १०,००० व्होल्ट असला, तरी स्पंद सेकंदाच्या सहस्रांशाहूनही कमी काळ टिकतो. प्राण्याचा स्पर्श तारेस व जमिनीस एकाच वेळी झाला की, मंडल पूर्ण होऊन धक्का बसतो. पुढील स्पंद येण्यापूर्वी त्यास मागे सरता येते. रानडुकराची कातडी राठ व केसाळ असल्याने सर्वांत खालची तार त्याच्या ओल्या नाकाच्या उंचीवर, जमिनीपासून सु. २० ते २५ सेंमी.वर ठेवतात. गाईम्हशींसाठी बहुधा एकदोन तारा पुरतात. मेंढीची लोकर विद्युत् रोधक असल्यामुळे तिच्यासाठी अधिक तारा लागतात.

या पद्धतीचा विकास मुख्यतः न्यूझीलंडमध्ये झाला. तेथे १९३० नंतरच्या दशकात बिल गॅलघर यांनी अशी कुंपणे तयार केली. १९६२ मध्ये डग फिलिप्स यांनी धारित्रावर आधारित स्पंदजनक पुढे आणला; त्यामुळे तारेस गवत टेकले, तरी लांब कुंपण कार्यक्षम राहू लागले. कुरणाचे पट्टे पाडून पाळीपाळीने चराई करणे यामुळे सुकर झाले.

मावळातील स्थिती : पुणे जिल्ह्यातील अंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ या खोऱ्यांत भातखाचरे सह्याद्रीच्या रानाला भिडलेली आहेत. दाणा भरू लागला की, रानडुकरांचे कळप रात्री खाचरांत उतरतात; खाण्यापेक्षा तुडवून होणारी नासाडी अधिक असते. माळ्यावरील जागल, गोफण व काटेरी फांद्या हे येथील जुने उपाय होत. विद्युत् कुंपणास येथील हवामानाच्या अडचणी आहेत. लोणावळ्याच्या परिसरात पावसाळ्यात गवत व वेली झपाट्याने वाढून तारेस टेकतात आणि विद्युत् ऊर्जा जमिनीत झिरपते. ढगाळ दिवसांत सौर पट्टीही मंद चालते. ओल्या जमिनीत भूसंपर्क चांगला मिळतो, परंतु उन्हाळ्यात कोरड्या कातळावर तो क्षीण होतो. अशा वेळी एकाआड एक तार भूसंपर्कित ठेवतात. कुंपणाखालील गवत वरचेवर कापणे अपरिहार्य असते.

धोका व कायदा : घरगुती २३० व्होल्ट पुरवठ्याची तार थेट कुंपणास जोडणे हे विद्युत् कुंपण नव्हे, तो मृत्यूचा सापळा होय. दाब कमी असूनही तीतील प्रवाह अखंड असतो. स्नायू आखडून तार सुटत नाही व हृदयाचे स्पंदन विस्कळीत होते. अशा तारांनी शेतकरी, गुराखी व गुरेही दगावतात. २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड परिसरात ‘श्रीनिवास’ नावाचा वाघ अशाच तारेने मरण पावला. असे कृत्य वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि विद्युत अधिनियम, २००३ यांखाली शिक्षेस पात्र ठरू शकते; मनुष्यहानी झाल्यास सदोष मनुष्यवधाचाही गुन्हा दाखल होतो. म्हणून प्रमाणित स्पंदजनकच वापरावा आणि पायवाटांवर ठळक सूचनाफलक लावावेत.

मर्यादा : झाडांवरून उतरणारी माकडे या कुंपणास सहसा जुमानत नाहीत. एकाच शेतास कुंपण घातल्यास डुकरे शेजारच्या खाचरात शिरतात. यास्तव रानाच्या कडेने सर्व खातेदारांनी मिळून सलग कुंपण घालणे व त्याची देखभाल वाटून घेणे अधिक उपयुक्त ठरते. महाराष्ट्र शासनाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणासाठी अनुदान देण्यात आले आहे.