पित्तनलिका कर्करोगातील जीन-बदल
यकृतात तयार होणारे पित्त लहान आतड्यापर्यंत नेणाऱ्या नलिकांच्या अस्तरातील कोशिकांपासून उद्‌भवणाऱ्या मारक अर्बुदास पित्तनलिका कर्करोग म्हणतात. यकृतातील शाखांत होणारा यकृतांतर्गत व त्याबाहेरील नलिकांत होणारा यकृतबाह्य, असे त्याचे दोन प्रकार आहेत. निदान होईपर्यंत बहुधा शस्त्रक्रियेची वेळ टळलेली असते. जेमसायटबीनच्या जोडीस सिस्प्लॅटीन दिल्यास मध्यक आयुष्य ८.१ महिन्यांवरून ११.७ महिन्यांपर्यंत वाढते, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत दिसले. कर्ककोशिकांतील विशिष्ट जीन-बदलांवर मारा करणाऱ्या औषधांचा शोध यामुळेच निकडीचा ठरला.

यकृतांतर्गत प्रकारात सु. १० ते १५ टक्के रुग्णांत एफजीएफआर-२ हा जीन तुटून दुसऱ्या जीनाशी जोडला जातो. या संयोगातून निर्माण होणारे ग्राही प्रथिन बाहेरील संकेताविनाच जोडीने एकत्र येते आणि कोशिकेस वाढीचा आदेश सतत देत राहते. हा आदेश थांबविणारे पेमिगॅटिनिब हे औषध अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये मान्य झाले. चाचणीतील अशा १०७ रुग्णांपैकी ३८ जणांची अर्बुदे लक्षणीय प्रमाणात आकसली. रक्तातील फॉस्फेट वाढणे हा याचा नेहमीचा दुष्परिणाम होय. शरीरातील फॉस्फेटाचे नियमनही याच कुळातील ग्राहींमार्फत होत असल्याने तो अनपेक्षित नाही. पुढे अर्बुदात नवी उत्परिवर्तने होऊन औषध ग्राहीस चिकटेनासे होते. ग्राहीशी कायमचा रासायनिक बंध जोडणारे फ्यूटिबॅटिनिब (२०२२) अशा काही अर्बुदांवरही परिणाम करते.

आयडीएच-१ जीनाच्या उत्परिवर्तनाची तऱ्हा निराळी आहे. त्यामुळे बदललेले एंझाइम २-हायड्रॉक्सिग्लुटारेट हे संयुग तयार करते व त्याच्या साठ्यामुळे कोशिका परिपक्व होत नाहीत. आयव्होसिडेनिब (२०२१) या एंझाइमास रोखते. त्याने अर्बुद क्वचितच आकसते. रोग न वाढता राहण्याचा मध्यक काळ मात्र १.४ महिन्यांऐवजी २.७ महिने होतो. लाभ माफकच म्हणावा लागेल.

हे दोन्ही बदल यकृतबाह्य प्रकारात विरळ आहेत. ईशान्य थायलंडमध्ये कच्चे मासे खाल्ल्याने शरीरात शिरणाऱ्या ऑपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी या पर्णकृमीमुळे हा रोग विशेष आढळतो. पण तेथील कृमिजन्य अर्बुदांतही ते थोडेच असतात. म्हणजे जेथे रोग सर्वाधिक, तेथेच ही औषधे कमी उपयोगी पडतात. अशा अर्बुदांत टीपी-५३ चे उत्परिवर्तन व हर-२ या जीनाच्या वाढीव प्रती अधिक दिसतात. पैकी टीपी-५३ वर सर्वमान्य औषध नाही; हर-२ वरील झॅनिडाटामॅब हे प्रतिपिंड अमेरिकेत नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्य झाले.

कोणते औषध लागू पडेल हे ऊतकाच्या जीन-परीक्षेवरून ठरते. नलिका अरुंद व अर्बुद तंतुमय असल्याने नमुन्यात कर्ककोशिका पुष्कळदा अपुऱ्या मिळतात. तेव्हा रक्तात उतरलेल्या अर्बुदाच्या डीएनएची तपासणी करतात. [→ कर्करोग, यकृत].